सही चालत नाही म्हणे

सकाळी सव्वादहाला आत्याला घेऊन रेशन दुकानात गेले आणि दुपारी एक वाजता रिकाम्या पिशव्या घेऊन परत आले. आता रात्रीचे साडेदहा झालेत. ती आतल्या खोलीत झोपलीय. मला झोप येत नाहीये, म्हणून लिहायला बसले. पोस्ट मोठी होणार आहे.

आत्या ७२ वर्षांची आहे. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून माहेरीच. आयुष्यभर लोकांच्या रानात भांगलण, कांदा काढणी, ऊसतोडीच्या दिवसांत मोळ्या बांधणं. अंत्योदयचं पिवळं कार्ड आहे, महिन्याला ३५ किलो धान्य. मी पुण्याहून पैसे पाठवते, ती घेतेही. पण रेशन ती स्वतः आणते. कुणाला आणू देत नाही. "त्ये माझं हाय," म्हणते.

गेल्या महिन्यात अंगठा लागला नाही म्हणून धान्य मिळालं नव्हतं. हे तिने मला फोनवर सांगितलंही नाही. काल घरी आले, डब्यात तळाला गेलेले तांदूळ बघितले, तेव्हा कळलं. म्हणून आज सोबत गेले.

मशीनवर उजवा अंगठा ठेवला. नाही जुळला. पदराने पुसून पुन्हा. नाही. दुकानदार म्हणाला, "आज्जी, बोट जरा कपाळाला घासा, तेल लागलं की घेतं कधीकधी." घासलं. नाही. डावा अंगठा, मग तर्जनी, मग मधलं बोट. मी बाटलीतल्या पाण्याने रुमाल ओला करून एकेक बोट पुसून दिलं. दहाही बोटं झाली. मग सर्व्हर गेला. अर्ध्या तासाने आला. पुन्हा उजव्या अंगठ्यापासून सुरुवात. डोळ्यांचं यंत्रही आहे तिथे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत, तेही घेईना. ओटीपी येईल म्हणाला, तर आधारला जोडलेला नंबर माझ्या चुलतभावाचा जुना, ते सिम बंद पडून चार वर्षं झाली. नंबर बदलायचा तर तालुक्याला केंद्रावर जा. तिथे गेल्यावर पहिल्यांदा काय मागणार? अंगठा.

मागे रांग. कुणी चिडलं नाही हो, सगळे ओळखीचेच. उलट चार जण सांगत होते, "अरे, दे की तिला, सगळ्या गावाला माहितीय ती कोण आहे." दुकानदार हात जोडून म्हणाला, "ताई, मला काय कळत नाही का? मशीनने घेतलं नाही तर पावती निघत नाही. पावती नाही तर पोत्यातलं एक किलो मला काढता येत नाही."

तेव्हा आत्या म्हणाली, "मी सही करू का? मला येतीय सही."

तो खाली बघून म्हणाला, "आज्जी, सही चालत नाही."

त्या एका वाक्यासाठी मी ही पोस्ट लिहितेय. ते वाक्य कुणाला सांगितलं गेलं, हे कळायला तुम्हाला थोडं मागे यावं लागेल.

आत्याचा नवरा वारला त्याच्या तेराव्यानंतर दिराने एक कागद पुढे केला. शाईच्या पॅडवर तिचा अंगठा दाबला, कागदावर उमटवला. काय लिहिलंय हे कुणी वाचून दाखवलं नाही. दीड एकर रान गेलं. ती सांगते, अंगठ्याची शाई राखेने घासली तरी दोन दिवस निघाली नाही. चोवीस वर्षांची होती.

पुढे १९९२ च्या आसपास गावात साक्षरतेचे वर्ग आले. संध्याकाळी शाळेच्या खोलीत बायका जमायच्या. मी चौथीत. आत्या वर्गाला जायची आणि घरी येऊन माझ्या पाटीवर गिरवायची. तिच्या नावात एक जोडाक्षर आहे, ते तिला जमायचं नाही. हाताला खुरप्याची सवय, पेन्सिल इतकी आवळून धरायची की तुटायची. मी चौथीतली पोर, तिच्यावर ओरडायचे. ती ऐकून घ्यायची. भाकरी थापताना परातीतल्या पिठावर बोटाने तेच अक्षर काढायची. आख्खा हिवाळा गेला त्या एका अक्षरात.

आणि मग महिन्याच्या रेशनला मला सोबत घेऊन गेली. हेच दुकान, तेव्हा याचे वडील बसायचे. त्यांनी सवयीने शाईचं पॅड पुढे सरकवलं. आत्याने ते मागे सरकवलं आणि पेन मागितलं. वहीत सही केली. वेळ लागला, मागे रांग होती, तरी सावकाश केली. बाहेर आल्यावर मला पाच पैशांच्या चार गोळ्या घेऊन दिल्या.

आयुष्यात पुन्हा अंगठा द्यायचा नाही म्हणून जी बाई सही शिकली, तिला त्याच दुकानात, त्याच टेबलासमोर आज सांगितलं गेलं की सही चालत नाही, अंगठाच लागेल. आणि तो अंगठाही आता चालत नाही. रेघा राहिल्यात कुठे त्याच्यावर? मी आज तिची बोटं पुसताना नीट बघितली. गुळगुळीत झालीत. अंगठ्याच्या पेराला एक जुना विळ्याचा कापा आहे, बाकी नुसती कातडी. कष्ट करणाऱ्या माणसाचीच बोटं झिजतात. माझी नाही झिजणार, मी कीबोर्ड बडवते. ज्यांना धान्याची गरज सगळ्यात जास्त, नेमकी त्यांचीच बोटं मशीनला वाचता येत नाहीत. हे धोरण आखणाऱ्या एकाही माणसाने भांगलण करणाऱ्या बाईचा हात हातात घेऊन बघितला नसेल का?

मला राग मशीनचा नाही. मशीन चुकणारच. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात आधारच्या खटल्यात आधारच्या प्राधिकरणानेच सांगितलं होतं की सरकारी कामांत ओळख पटण्याचं प्रमाण ८८ टक्के आहे. म्हणजे शंभरातल्या बारा वेळा मशीन माणसाला नाही म्हणणार, हे पहिल्यापासून माहीत होतं. मग त्या बारांसाठी दुकानात काय ठेवलंय? त्याच खटल्यात अॅटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी सांगितलं होतं की लोकांची माहिती १३ फूट उंच आणि ५ फूट जाड भिंतींच्या आत सुरक्षित आहे. माहितीला एवढी भिंत बांधता येते, तर ज्या माणसाची ती माहिती आहे त्याच्यासाठी रेशन दुकानात एक साधी वही ठेवता येत नाही?

आणि हे आपल्या महाराष्ट्रात. २९ सप्टेंबर २०१० ला देशातली पहिली आधार कार्डं आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत वाटली होती. मला आठवतंय, टीव्हीवर बघून आत्याने विचारलं होतं, आता आपल्याला पण मिळणार का? तिला कौतुक वाटलं होतं. सरकारकडे आपलं नाव जाणार म्हणून. केंद्रावर गेली तेव्हा नवं लुगडं नेसून गेली होती, फोटो काढणार होते ना.

कायदा सांगते, कारण उद्या तुमच्या घरातल्या कुणावर ही वेळ येईल. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये ११ वर्षांची एक मुलगी गेली. कार्ड आधारला जोडलेलं नाही म्हणून घरचं रेशन बंद झालं होतं. आई म्हणाली, पोरगी भात भात करत गेली. सरकार म्हणालं मलेरिया. त्यानंतर, २४ ऑक्टोबर २०१७ ला केंद्राच्या अन्न खात्याने सगळ्या राज्यांना पत्र लिहिलं: आधार नाही, अंगठा जुळत नाही, नेट नाही, कारण काहीही असो, धान्य नाकारायचं नाही, दुसरा पुरावा बघून द्यायचं. आधारच्या त्या खटल्याच्या २०१८ च्या निकालातही अंगठा जुळला नाही म्हणून हक्काचं काही नाकारता येणार नाही, ही हमी आहेच. आज दुकानात मी फोनवर ते पत्र शोधून दाखवलं. दुकानदाराने सगळं वाचलं. म्हणाला, "ताई, पत्र बरोबर आहे, पण मशीनला पत्र वाचता येत नाही."

बरोबरच बोलला तो. त्याचा दोष नाही.

बोगस कार्डं होती, मान्य. मेलेल्या माणसांच्या नावावर धान्य उचललं जायचं, रॉकेलचे डबे रात्रीत गायब व्हायचे, हे मी याच गावात बघितलंय. मशीनमुळे त्याला थोडा आळा बसला असेल. आणि हो, माझ्या बाबांचा पेन्शनचा हयातीचा दाखला आता घरबसल्या मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, त्याचं सुख आम्ही भोगतोय. पण चोर धरायला लावलेल्या चाळणीत चोर गळून जातो आणि आत्या अडकते, तर चाळणी बदलायची की आत्याला "उद्या या, सकाळी बोटं मऊ असतात" असं सांगायचं?

आता कमेंटमध्ये माझे आयटीतले मित्र येतील आणि म्हणतील, यावर चेहरा हाच उपाय आहे. अरे, तेही झालंय. मध्यंतरी रेशनच्या केवायसीसाठी तिचा चेहरा मोबाईलसमोर धरून पापण्यांची उघडझाप करायला लावली होती, तेव्हा ती पास झाली. म्हणजे ती जिवंत आहे, तीच आहे, हे सरकारच्या दप्तरी नोंदलेलं आहे. तरी महिन्याच्या महिन्याला पुन्हा सिद्ध करायचं. लाडक्या बहिणींनाही तेच, अंगणवाडीतल्या लेकुरवाळ्यांनाही तेच. दर वेळी नवीन यंत्र, नवीन ॲप, आणि दर वेळी ओळख पटवायची जबाबदारी गरिबाची.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या दिवशी मी याच भिंतीवर केवढी आनंदाची पोस्ट टाकली होती, काहींना आठवत असेल. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूडांनी त्यात आपल्या वडिलांचा आणीबाणीतला निकाल (बेकायदा अटकेविरुद्धही कोर्टात दाद मागता येणार नाही, असा) खोडून काढला, याचं मराठी माणूस म्हणून किती अप्रूप वाटलं होतं. पुढच्याच वर्षी आधारच्या निकालात चार एका बाजूला आणि ते एकटे दुसऱ्या बाजूला. माणसाची प्रतिष्ठा आणि हक्क यंत्राच्या गणितावर आणि शक्यतांवर टांगून ठेवता येणार नाहीत, असं त्यांनी लिहिलं. तेव्हा ते वाचताना मला माझी माहिती, माझा फोन, माझं बँक खातं आठवत होतं. खोटं कशाला बोलू, आत्याची बोटं डोळ्यांसमोर आली नव्हती. ती आज आली.

मला जे हवंय ते अगदी थोडं आहे. दर मशीनशेजारी एक वही. तीनदा अंगठा लागला नाही तर कार्ड बघायचं, सही घ्यायची, पोलीस पाटील किंवा अंगणवाडीच्या ताई, कुणीतरी ओळखणाऱ्याची सही घ्यायची, आणि धान्य त्याच दिवशी द्यायचं. ती वही मशीनइतकीच खरी धरायची. आणि नाहीच दिलं, तर नाही दिल्याची पावती द्यायची. ही पावती फार महत्त्वाची आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात लिहिलंय की हक्काचं धान्य मिळालं नाही तर राज्य सरकारने त्या माणसाला भत्ता द्यायचा. तो मागायला आत्याकडे पुरावा काय? ती तीन तास बसली होती, दहाही बोटं टेकवली होती, याचा तिच्या हातात चिटोराही नाही. उद्या कुणी म्हणेल, म्हातारी आलीच नव्हती.

सोमवारी रजा टाकलीय. तहसीलला पुरवठा शाखेत जाणार आहे, २०१७ च्या पत्राची प्रत आणि लेखी अर्ज घेऊन. पोचपावती घेतल्याशिवाय उठणार नाही. ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी कृपया इनबॉक्समध्ये सांगा. आणि तुमच्या आजूबाजूला जी म्हातारी माणसं रेशन आणतात, त्यांना एकदा विचारा या महिन्याचं मिळालं का. ती आपणहून सांगत नाहीत. आत्याने मला सांगितलं नव्हतं.

परत येताना गाडीवर मागे बसून म्हणाली, "माझा अंगठाच म्हातारा झाला गं." तिला वाटतंय चूक तिची आहे. मी गाडी बाजूला घेतली आणि रस्त्यात थांबून तिला सांगितलं की तुझी काही चूक नाही. तिने मान हलवली, पण पटलं नाही तिला.

सोमवारचा अर्ज मी लिहिला आणि मघाशी जेवणं झाल्यावर तिच्यापुढे ठेवला. तिने आधी सगळा वाचून घेतला, बोट ठेवून, एकेक ओळ. दोन शब्द अडले ते विचारले. मग चष्मा पुसला आणि खाली सही केली. जोडाक्षर अजूनही जरा मोठंच येतं, बाकी अक्षरांच्या वर डोकं काढून. मी फोटो काढायला मोबाईल पुढे केला, म्हटलं हा पोस्टसोबत टाकते, लोकांना बघू दे. तिने अर्जावर हात ठेवला.

"नगं. माझी सही हाय ती. समद्यांला कशाला दावायची?"

म्हणून फोटो नाही.