सारस विरहाने मरत नाहीत, मामा

मंगळवारी सकाळी सात वाजता मोठ्या मामांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज टाकला. 'पक्ष्यांकडून शिका', खाली गुलाब आणि जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: सारसाचा जोडीदार मेला की दुसरा अन्नपाणी सोडून जीव देतो, धनेश आणि हंस जन्मात एकदाच जोडी जमवतात, मोर तर ब्रह्मचारी, लांडोर त्याचे अश्रू पिऊन गाभण राहते. आणि शेवटी, मुक्या जिवांना कळतं ते आजकालच्या बायकांना कळत नाही.

हा मेसेज आजवर दहादा आला असेल, दहादा मी पुढे सरकलो. पण त्याच ग्रुपवर माझी मावसबहीण आहे. तिचा नवरा करोनात गेला, आणि येत्या रविवारी तिचा साखरपुडा आहे. मेसेज कोणासाठी होता हे ओळखायला पक्षितज्ज्ञ लागत नाही. तिने तो वाचला, बोलली काहीच नाही.

तर मामा, आधी सारस. आपण गोंदियाचे, आणि मला सारस पहिल्यांदा तुम्हीच दाखवलात, सायकलच्या दांडीवर बसवून नेऊन. धानाच्या बांधीत पाण्यातच गवताचा ढीग, त्यावर दोन अंडी. आपण धुऱ्यावर उभे, आणि समोर माझ्याहून उंच असे ते दोघे मान वर करून ओरडायला लागले. नराची एक लांब हाक, तेवढ्यात मादीच्या दोन-तीन आखूड. जोडी वर्षानुवर्षं टिकते हे खरं. एक मेला की उरलेला तिथेच घुटमळतो, हाका मारतो, तेही मान्य. त्याला दुःख होत नसेल असंही मी म्हणणार नाही. पण ती बांधी त्याचा इलाका असतो. सोडून गेला तर तिथे दुसरी जोडी येऊन बसेल. घुटमळणं म्हणजे उपोषण नव्हे.

के. एस. गोपी सुंदर या संशोधकाने उत्तर प्रदेशातल्या शेतांमध्ये वर्षानुवर्षं सारसांमागे पायपीट केली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये २००५ साली त्यांचा लेख आला, आणि त्याचा विषयच मुळी सारसांनी जोडीदार बदलणं हा आहे. बदलतात, मामा. पुढे २०२२ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट छापली: काही ठिकाणी सारस तिघं मिळून राहतात. अशा तिकड्या फार नाहीत, शंभरात दोनही नाहीत, पण आहेत. तिघं एकत्र ओरडतात आणि त्यांचा सूर जोडीपेक्षा खालच्या पट्टीत लागतो. हे 'पक्ष्यांकडून शिका'मध्ये घालायचं का?

झुरून मरण्याची कथा जुनीच आहे. जोडीदाराच्या हाडांवर बसून खंगलेल्या सारसाची ऐकीव हकिकत जहांगीर बादशहानेही आपल्या आठवणींत लिहून ठेवली. पण त्याने स्वतः पाळलेल्या जोडीबद्दल, लैला-मजनूबद्दल, काय लिहिलं? अंडी कोण कधी उबवतं, पाळी कशी बदलते, हे. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानावर आलेलं, यात एवढा फरक पडतो.

मेसेजखाली कोणीतरी लगेच क्रौंचवध आणला. तो तरी नीट वाचा. नर मरतो, मादी आक्रोश करते, आणि वाल्मीकींचा शाप बसतो निषादाला. क्रौंचीने पुढे कसं जगावं यावर ऋषींनी चकार शब्द काढलेला नाही.

आपल्याकडे सारस मेलेला सापडतो तेव्हा विजेच्या तारेकडे बघा, नाहीतर धानावरच्या फवारणीकडे. विरहाला बळी गेलेला अजून कोणी दाखवलेला नाही.

धनेशाचं थोडं खरं आहे, नाइलाजाने मानतो. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फटीएवढी जागा ठेवते, आणि नर आठवडेच्या आठवडे उंबराची फळं आणून भरवतो. नामिबियातल्या एका जातीच्या पिल्लांची जनुकीय तपासणी झाली तेव्हा सगळी त्या-त्या घरच्याच नराची निघाली. पण हे पिल्लांच्या बापाबद्दल झालं. नर मेल्यावर मादीने जन्मभर एकटीने राहावं, असं त्यातून कुठे निघतं?

हंसांचं दोन ओळींत. ऑस्ट्रेलियातल्या काळ्या हंसांची अशीच तपासणी झाली, तर साधारण सहातलं एक पिल्लू दुसऱ्याच नराचं. पुढचं विचारू नका.

आणि मोर! २०१७ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी निवृत्तीच्या दिवशी हे अश्रूंचं पत्रकारांना सांगितलं, तेव्हापासून याला जास्तच धार चढली. मोर इतर पक्ष्यांसारखाच लांडोरीच्या पाठीवर चढतो. पहाटे शेतावर जाणाऱ्या कोणालाही विचारा. एकेक मोर अनेक लांडोरींशी जमतो आणि अंडी, पिल्लं यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. संसाराचा धडा घ्यायला बरा सापडला.

हे सगळं मी ग्रुपवरच टाकलंय. मामांनी अंगठा पाठवला. बहिणीने वेगळा मेसेज करून एवढंच विचारलं: ती तिघं ओरडतात, त्याचं रेकॉर्डिंग मिळेल का?