खाऱ्या हवेत टिकणारी एलईडी जोडणी

लॅपटॉपच्या झाकणात सुटे एलईडी बसवून ते यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालवण्याची एका लेखात वाचलेली कृती मला मनापासून आवडली. मात्र तिच्यात रेझिस्टरचा, म्हणजे प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या छोट्या भागाचा, उल्लेख राहून गेला आहे आणि तो अत्यावश्यक आहे. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, त्यामुळे उरलेल्या २ व्होल्टसाठी प्रत्येकाला १५० ओहमचा रेझिस्टर जोडल्यास सुमारे १३ मिलिअँपिअर प्रवाह मिळतो आणि सजावटीला तेवढा उजेड पुरेसा होतो.

आम्ही मालवणात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो, आणि इथे खरी अडचण याच्या पुढची आहे. झाकणाला भोक पाडले की खारी, दमट हवा आत शिरते. माझ्या पहिल्या जोडणीच्या तारा एका पावसाळ्यातच हिरव्या पडून तुटल्या होत्या. तेव्हापासून मी सोल्डर केलेले सांधे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून त्यांवरील फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून वापरलेल्या पदार्थाचा उरलेला थर) पूर्ण काढतो, ते सुकल्यावर सर्किट बोर्डासाठी मिळणारे पारदर्शक संरक्षक रोगण त्यांवर फवारतो, आणि मगच भोक सिलिकॉनने बुजवतो. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन मात्र कृपया वापरू नये, कारण ते सुकताना सुटणारे ॲसिटिक आम्ल तांब्याला खाते.