'स्कायलर होऊ नका' म्हणणाऱ्यांना

"ताई, ही स्कायलर कोण गं?"

गेल्या बुधवारी रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीने फोन करून हे विचारलं. त्यांच्या जॉइंट खात्यातून चार लाख रुपये गेले होते. नवऱ्याने ते शेअर बाजारातल्या ऑप्शन ट्रेडिंगमध्ये घातले हे तिला बँकेच्या मेसेजमुळे कळलं, आणि तिने जाब विचारला. दुसऱ्या दिवशी दिराने तिला एक फॉरवर्ड पाठवला आणि त्याखाली स्वतःचं एक वाक्य लिहिलं: 'वहिनी, स्कायलर होऊ नका.'

तो फॉरवर्ड माझ्याकडे आधीच तीन ग्रुपवरून आला होता. 'प्रत्येक मध्यमवर्गीय पुरुषाने वॉल्टर व्हाइटकडून शिकाव्यात अशा पाच गोष्टी.' तेव्हा मी न वाचता पुढे गेले होते. आता तो माझ्या बहिणीला गप्प बसवायला वापरला गेलाय, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: 'ब्रेकिंग बॅड' ही व्हिन्स गिलिगनची अमेरिकन मालिका, 2008 ते 2013, एकूण 62 भाग. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात रसायनशास्त्र शिकवणारा पन्नाशीचा वॉल्टर व्हाइट. त्याला फुप्फुसाचा कॅन्सर निघतो आणि तो मेथ नावाचं अमली द्रव्य बनवायला लागतो. स्कायलर त्याची बायको. मी ही मालिका दोनदा पाहिली आहे आणि मला ती फार आवडते. म्हणूनच तिचा असा वापर झाला की राग येतो.

फॉरवर्डमधला पहिला मुद्दा: 'त्याने सगळं कुटुंबासाठी केलं.'

यातला अर्धा भाग खरा आहे, तो मान्य करते. सुरुवातीला परिस्थिती खरंच वाईट असते. शाळेतल्या पगारात भागत नाही म्हणून हा माणूस संध्याकाळी गाड्या धुण्याच्या ठिकाणी काम करतो, तिथे त्याच्याच विद्यार्थ्याच्या गाडीची चाकं पुसतो. बायको गरोदर, मुलाला सेरेब्रल पाल्सी, आणि अमेरिकेतला औषधोपचाराचा खर्च. कुणालाही वाटेल, दुसरं काय करणार बिचारा?

पण पहिल्याच सीझनमध्ये त्याचे जुने मित्र एलियट आणि ग्रेचेन उपचाराचा सगळा खर्च उचलायला तयार असतात. तो नाही म्हणतो. वर बायकोला सांगतो की पैसे तेच देताहेत. मालिका इतक्या लवकर आपल्या हातात हा पुरावा देते, आणि तरीही आपण पुढचे कितीतरी भाग त्याच्याच बाजूने राहतो. तिची जादू यातच आहे. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला तो हिशेब मांडतो: मुलांचं शिक्षण, घराचं कर्ज, घरखर्च मिळून 7 लाख 37 हजार डॉलर. तेवढे झाले की थांबायचं. शेवटच्या सीझनमध्ये त्याने वाळवंटात पुरलेल्या सात पिंपांत सुमारे आठ कोटी डॉलर असतात. आणि अगदी अखेरच्या भागात स्कायलर म्हणते की कुटुंबासाठी केलंस हे पुन्हा एकदा ऐकवू नकोस, तेव्हा तो स्वतःच सांगतो: मी हे माझ्यासाठी केलं, मला ते आवडत होतं, मला ते चांगलं जमत होतं. तो स्वतः कबूल करून मोकळा झाला, आणि त्याचे वकील अजून ग्रुपवर खटला लढवताहेत.

दुसरा मुद्दा, 'जगाने त्याच्या हुशारीची किंमत केली नाही.' किंमत त्याने स्वतः केली. मित्रांबरोबर काढलेल्या कंपनीतला हिस्सा त्याने पाच हजार डॉलरला विकला, आणि पुढे ती कंपनी अब्जावधींची झाली. ती सल त्याला कॅन्सरपेक्षा जास्त पोखरते.

चौथा मुद्दा शास्त्राचा, तो लगेच उरकते. मालिकेच्या सल्लागार ओक्लाहोमा विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक डॉना नेल्सन होत्या, त्यामुळे बरंचसं बरोबर आहे. पण कृती मुद्दाम अपुरी ठेवली आहे, आणि ज्या निळ्या रंगाला 'शुद्धतेची खूण' म्हणून फॉरवर्डमध्ये डोक्यावर घेतलंय तो गोष्टीपुरता आहे. शुद्ध मेथ निळं नसतं.

आता तिसरा आणि पाचवा मुद्दा. हे मी एकत्रच घेणार आहे, कारण मालिकेतही ते एकाच भागात येतात आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ता नाही. तिसरा म्हणतो, 'वॉल्टरची खरी शत्रू त्याची बायको होती.' पाचवा म्हणतो, 'घाबरू नका, दार ठोठावणारा बना.' हे वॉल्टरचं सर्वांत गाजलेलं वाक्य, टी-शर्टवर छापलं जाणारं: 'दार ठोठावतो तो मी आहे.'

हे वाक्य तो कुणाला म्हणतो? ड्रग माफियाला? पोलिसांना? नाही. चौथ्या सीझनच्या सहाव्या भागात, स्वतःच्या बेडरूममध्ये, स्वतःच्या बायकोला. ती घाबरलेली असते. कुणी दारात येऊन तुला गोळी घातली तर, म्हणून पोलिसांकडे जाऊ या, असं ती विनवत असते. त्यावर तो तिला सांगतो की धोका मला नाही, धोका मीच आहे. त्यानंतरचा तिचा चेहरा पाहा. मग ती तान्ह्या मुलीला गाडीत घालून निघते आणि जिथे चार राज्यांच्या सीमा एका बिंदूत मिळतात त्या जागी पोहोचते. कुठे जायचं ते ठरवायला दोनदा नाणं उडवते. दोन्ही वेळा ते कोलोरॅडोच्या बाजूला पडतं. ती क्षणभर बघते, आणि बुटाच्या टोकाने ते ओढत न्यू मेक्सिकोच्या बाजूला आणते. घरी परतते. भाग संपताना ती नवऱ्याला म्हणते: या कुटुंबाचं रक्षण करणाऱ्या माणसापासून या कुटुंबाचं रक्षण कुणीतरी करायला हवं.

ही शत्रू?

ती संत नाही. काळा पैसा पांढरा करण्यात तीही हात घालते, बॉसशी संबंध ठेवते, एका क्षणी वॉल्टरचा साथीदार जेसी, त्याला संपवायलाही सुचवते. पण मूळ 'गुन्हा' कोणता, ज्यावरून लोक तिच्यावर इतके चिडले? नवरा दिवसभर गायब का होता, दुसरा फोन कुणाचा, पैसे कुठून आले, हे तिने विचारलं. बस.

स्कायलरचं काम करणाऱ्या अ‍ॅना गन यांनी ऑगस्ट 2013 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये याबद्दल लेख लिहिला. पात्राबद्दलचा द्वेष त्यांच्यापर्यंत येऊन पोहोचला होता. अ‍ॅना गन कुठे सापडेल ते सांगा, तिला ठार मारायचंय, असं कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं होतं. पात्राला नाही, बाईला. गन यांचं म्हणणं असं की लोकांचा राग स्कायलरपेक्षा बायकोकडून असलेल्या अपेक्षांबद्दल जास्त सांगतो. सोसून साथ देणारी किंवा मुकाट सहन करणारी बायको लोकांना चालते, नवऱ्याच्या बरोबरीने उभी राहणारी चालत नाही. ज्यांनी हा फॉरवर्ड पाठवला त्यांनी तो एक लेख वाचावा.

वॉल्टरसारखा माणूस पडद्यावर आपल्याला ओढून घेतो, कारण दबलेल्या माणसाने एकदा मान वर केलेली बघायला आपल्याला आवडतं. मलाही आवडलं. तो पहिल्यांदा 'हायझनबर्ग' हे गुन्हेगारी जगातलं टोपणनाव लावतो तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता. पण ही मालिका त्या काट्याचा हिशेब विचारते. शेवटाजवळच्या एका भागात तो तान्ह्या मुलीला उचलून पळतो, एका स्वच्छतागृहात तिचा डायपर बदलतो, आणि ते लेकरू त्याच्याकडे बघत 'मम्मा, मम्मा' करतं. ज्याने हा भाग पाहिलाय, त्याला 'कुटुंबासाठी' हा शब्द त्या फॉरवर्डमध्ये लिहवलाच नसता.

रविवारी बहीण माझ्याकडे आली होती. मी तिला तो चौथ्या सीझनमधला भाग दाखवला, आधीची गोष्ट तोंडी सांगून. नाण्याच्या प्रसंगाला तिने रिमोट घेतला, थांबवलं, पुन्हा मागे नेऊन बघितलं. मग म्हणाली, "हिच्याकडे निदान गाडी होती."

दिराला तिने काहीच उत्तर दिलेलं नाही. नवऱ्याकडे मात्र खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट मागितलंय. शुक्रवारपर्यंत मिळालं नाही, तर सोमवारी सकाळी मी तिच्याबरोबर बँकेत जाणार आहे. खात्यावर तिचंही नाव आहे.