मुंबई–लंडन विमान पाच तासांत पोचत नाही

बेळगाव-खानापूरच्या ग्रुपांवर जूनमधल्या तिकिटाचा फोटो फिरतोय: 'मुंबईहून दुपारी 1, लंडनला संध्याकाळी 6. फक्त पाच तास!' हे खरं नाही. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागं, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे हा प्रवास साडेनऊ तासांचा. हवाई अंतरच जवळजवळ 7,200 किलोमीटर. ताशी साधारण 900 किलोमीटरनं उडणारं विमान ते पाच तासांत कसं कापेल? सांबऱ्याहून (बेळगावचा विमानतळ) मुंबई गाठायचा वेळ वेगळाच. लेकीकडं निघालेले आई-वडील इन्सुलिन, गोळ्या याच हिशोबानं हाताशी ठेवतात, म्हणून ही चूक साधी नाही. कृपया तो फोटो पुढं पाठवू नका. पाठवला असेल तर हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाका.