‘एलएलव्हीएम घ्या, बोएम जोडा, झाला लिस्प कंपायलर’: नाही होत

प्रोजेक्टचा विषय ठरवायचे दिवस आले की जळगाव-धुळ्याच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. सार असं: लिस्प भाषेचा खरा कंपायलर एलएलव्हीएमशिवाय (मशीन कोड बनवून देणाऱ्या तयार लायब्ऱ्यांच्या संचाशिवाय) होत नाही; टेल कॉल (फंक्शनने अगदी शेवटी केलेला दुसऱ्या फंक्शनचा कॉल) तो आपोआप सांभाळतो; मेमरीसाठी बोएम कलेक्टर (नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारी लायब्ररी) जोडला की विषय संपला; बाकीच्या लायब्ऱ्या खेळणी. चारही वाक्यांत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच ती महागात पडतात.

‘एलएलव्हीएमशिवाय नाही’. एसबीसीएल हा लिस्प कंपायलर मशीन कोड स्वतःच तयार करतो. चेझ स्कीमही (स्कीम ही लिस्पची एक बोली) तसाच, आणि २०२१ च्या ८.० आवृत्तीपासून लिस्प घराण्यातलंच रॅकेट त्याच्यावरच उभं आहे. गाइल ३.० या स्कीममधला जिट (प्रोग्राम चालू असतानाच मशीन कोड बनवणारा भाग) जीएनयू लाइटनिंग लायब्ररीच्या एका शाखेवर चालतो. ईमॅक्स २८ या एडिटरमध्ये त्याचं ईलिस्प नेटिव्ह (थेट मशीन कोड) होतं ते जीसीसी कंपायलरच्या लिबजीसीसीजिट लायब्ररीमुळे. एलएलव्हीएमवरचा क्लास्प हा लिस्प आहेच. पण त्याला सी++ लायब्ऱ्यांशी थेट बोलायचं होतं. तुम्हाला बोलायचंय का?

‘टेल कॉल आपोआप’. खरी ठेच इथे लागते. ‘सम?’ आणि ‘विषम?’ अशी एकमेकांना बोलावणारी दोन फंक्शनं लिहा आणि १० लाख द्या. एक्स८६-६४ प्रोसेसरवर प्रत्येक कॉलची फ्रेम (स्टॅकवर त्या कॉलला लागणारी जागा) कमीत कमी १६ बाइट धरली तरी १६ एमबी होतात. लिनक्सवर मुख्य थ्रेडचा स्टॅक सहसा ८ एमबी. ऑप्टिमायझेशन चालू असताना कॉलचं जंप (नवी फ्रेम न घेता सरळ उडी) होऊन जातं आणि सगळं छान दिसतं. ओ-शून्यवर, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद असताना, तोच कोड सेगफॉल्ट होऊन कोसळतो. कारण एलएलव्हीएममधली ‘टेल’ ही खूण म्हणजे नुसती परवानगी आहे, हमी ‘मस्टटेल’ देतो. त्याच्याही अटी आहेत: कॉलला लागूनच रिटर्न हवा, आणि नेहमीच्या कॉलिंग कन्व्हेन्शनमध्ये (आर्ग्युमेंटं पोचवायच्या ठरलेल्या पद्धतीत) दोन्ही फंक्शनांची सही (सिग्नेचर, म्हणजे आर्ग्युमेंटांचे आणि परतीच्या मूल्याचे टाइप) जुळायला हवी. लिस्पमध्ये आर्ग्युमेंटं कधी दोन, कधी पाच. म्हणून सगळ्यांना एकच सही द्यावी लागते (क्लोजर म्हणजे फंक्शन आणि त्याने धरून ठेवलेली व्हेरिएबलं, आर्ग्युमेंटांची संख्या, आर्ग्युमेंटांच्या अ‍ॅरेचा पत्ता), नाहीतर ‘टेलसीसी’ कन्व्हेन्शन घ्यावं लागतं. एकच सही घेतलीत तर तो अ‍ॅरे कॉलरच्या स्टॅकवर ठेवू नका: मस्टटेल झाला की ती फ्रेम गेली, आणि उरतो कचऱ्याकडे बोट दाखवणारा पत्ता.

इतरांचं काय? लिबजीसीसीजिटमध्ये एखाद्या कॉलला टेल कॉल सक्तीचा करता येतो. क्रेनलिफ्ट या मशीन कोड बनवणाऱ्या लायब्ररीत त्यासाठी वेगळं कन्व्हेन्शन आणि ‘रिटर्न-कॉल’ सूचना आहे. क्यूबीई या छोट्या बॅकएंडमध्ये हमी नाही. तिथे ट्रॅम्पोलिन (पुढचं फंक्शन परत पाठवायचं आणि एका लूपमधून बोलवायचं) लिहा.

‘बोएम जोडा, विसरा’. लिस्पमधला पॉइंटर सहसा शुद्ध नसतो. कॉन्सचा (लिस्पमधल्या दोन मूल्यांच्या जोडीचा) पत्ता १६ ने भाग जाणारा असतो, म्हणून खालची बिटं मोकळी असतात आणि त्यांत आपण टॅग (मूल्याचा प्रकार सांगणारी खूण) भरतो. टॅग १ असेल तर साठवला जातो पत्ता अधिक १, म्हणजे ऑब्जेक्टच्या आत दाखवणारा पॉइंटर. आतल्या पॉइंटरांची ओळख चालू असेल तर बोएमला तो कळतो. ती बंद केली असेल आणि तो १ चा फरक डिस्प्लेसमेंट म्हणून नोंदवला नसेल, तर वापरात असलेला कॉन्स खुशाल मोकळा होतो. बिघाड तासाभराने, भलत्याच ठिकाणी दिसतो. वरच्या बिटांत टॅग ठेवलात तर बोएमला तो पॉइंटर वाटणारच नाही. स्ट्रिंगसारख्या, आत पॉइंटर नसलेल्या डेटासाठी ‘अ‍ॅटॉमिक’ वाटप वापरा. नाहीतर कलेक्टर अक्षरांमध्येही पत्ते शोधत बसतो.

बोएम ऑब्जेक्ट हलवत नाही. हलवणारा कलेक्टर हवा तर मेमरी पूल सिस्टिम ही लायब्ररी पाहा. तिचा एएमसी पूल स्टॅकवरच्या संशयित पत्त्यांची ऑब्जेक्टं जागीच धरून ठेवतो, त्यामुळे कंपायलरला स्टॅक मॅप (स्टॅकवर पॉइंटर कुठे आहेत याचे तक्ते) द्यावे लागत नाहीत; ऑब्जेक्ट स्कॅन करणं, ओलांडणं, फॉरवर्ड करणं ही फंक्शनं मात्र तुम्हीच लिहायची.

‘बाकी खेळणी’. वांगं भाजायला पऱ्हाटीच्या काड्या पुरतात, त्याला भट्टी लागत नाही. आरईपीएलमध्ये (ओळ टाइप केली की लगेच उत्तर देणाऱ्या खिडकीत) दर ओळीला कंपाइल करायचं असेल तर लाइटनिंग किंवा एमआयआरसारखी हलकी जिट लायब्ररी बरी. लिबजीसीसीजिट आतून असेम्ब्लर आणि लिंकर चालवतो. फाइल एकदाच कंपाइल करून ठेवायला उत्तम, आरईपीएलला जड. क्यूबीई असेम्ब्लीचा मजकूर काढून देतो, म्हणजे जिट नाहीच.

आणि लायसन्स: लिबजीसीसीजिट जीपीएल ३, क्यूबीई व एमआयआर एमआयटी. कंपायलर पुढे विकायचा विचार असेल तर हे आधी बघा.

तरीही एलएलव्हीएमच घेणार असाल तर लॅबमधल्या मशीनवर तो सोर्समधून बांधू नका. डेबियन-उबुंटूचं तयार पॅकेज घ्या. बांधावाच लागला तर रिलीज बिल्ड, फक्त एक्स८६ टार्गेट आणि एका वेळी एकच लिंकिंग, नाहीतर रॅम संपून लिंकर मरतो. जुन्या ट्युटोरियलमधला ‘आय६४ पॉइंटर’ आवृत्ती १७ मध्ये चालत नाही; टाइप असलेले पॉइंटर तिथून काढून टाकलेत.