चेंबूरकरांना उत्तर : रेषा, गाठी आणि दादरची एकोणीस मिनिटं

चेंबूरकर, नमस्कार.

प्रतिक्रिया चिडून लिहिली आहे हे दिसतंच आहे. त्यातलं निम्मं मला पटलं, म्हणून ‘धन्यवाद, वाचत राहा’ म्हणून सुटका करून घेत नाही.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मेट्रो ३ आरेपासून थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली त्या आठवड्यात मी लिहिलं होतं की नव्या भुयारी मार्गिकांचे नारळ फोडण्याआधी आहे ती मेट्रो लोकलला नीट जोडा, भाडं एकूण अंतरावर घ्या, आणि वडाळ्याहून गेट वेपर्यंत जाणाऱ्या मेट्रो ११ चं खोदकाम लोकल स्टेशनांपर्यंतचे जोडमार्ग कागदावर पक्के होईपर्यंत सुरू करू नका. चेंबूरकरांचं म्हणणं असं की मी पश्चिम उपनगरात आरामात बसून पूर्वेच्या लोकांना थांबायला सांगते. मेट्रो ३ च्या ३७ हजार कोटींत लोकलच्या कितीतरी गाड्या आल्या असत्या. सगळ्या गाड्यांची तिकिटं एकत्र देणारं ‘मुंबई वन’ ॲप आलं तरी मी एका तिकिटाचं रडगाणं गाते. आणि शेवटचं त्यांच्याच शब्दांत : “पूल आणि सरकते जिने या किरकोळ बाबी आहेत. शहर मार्गिकांनी वाढतं.”

पहिल्या मुद्द्यावर आधी हसू आलं. मी मुलुंडची. एलबीएस रोडवरचे मेट्रो ४ चे खांब इतकी वर्षं बघतेय की आता पत्ता सांगताना ‘अमक्या खांबासमोर’ असं सांगते. पण हसू ओसरल्यावर लेख पुन्हा वाचला. ‘वडाळ्याच्या लोकांना हार्बर आहेच, त्यांना तितकी घाई नाही’ असं एक वाक्य मी खरंच लिहून गेले होते. ते चुकलं. हार्बर वडाळ्याहून शिवडी, रे रोड, डॉकयार्ड करत सीएसएमटीला जाते. नागपाड्याला किंवा गेट वेला ज्याला पोचायचंय त्याला ती अर्ध्यावर सोडते. शिवाय तुमच्याकडची मोनोरेल १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात म्हैसूर कॉलनीजवळ अडकली, माणसं शिड्यांवरून उतरवावी लागली, आणि महिन्याभरात सगळी सेवाच दुरुस्तीसाठी बंद झाली. अशा माणसाला ‘घाई नाही’ म्हणणं हा आगाऊपणा झाला. ते वाक्य मी मागे घेते.

मोनोचं नाव निघालं ते बरं झालं, कारण माझ्या बाजूचा साक्षीदार तीच आहे. चेंबूरपासून सात रस्त्यापर्यंत साडेएकोणीस किलोमीटर. पहिला टप्पा २०१४ ला सुरू झाला, दुसरा २०१९ ला. नकाशावर बघा, काय सुरेख रेषा आहे! पण सात रस्त्याला उतरून महालक्ष्मी स्टेशनपर्यंत कधी चालत गेलात का? वडाळा डेपोच्या स्टेशनवरून वडाळ्याची लोकल गाठलीत का? गाड्या कमी होत्या, बिघडत होत्या, सगळं मान्य. पण ती धडधाकट असतानाही माणसं तिच्याकडे फिरकली नाहीत, कारण चेंबूर सोडलं तर लोकलशी तिची गाठ अशी कुठे पडत नव्हती. रेषा होती, गाठी नव्हत्या.

पैशांचा मुद्दा. मेट्रो ३ चा पहिला अंदाज २३ हजार कोटींचा होता, तो ३७ हजारांच्या पुढे गेला. साडेतेहेतीस किलोमीटरला भागलं तर किलोमीटरला अकराशे कोटी पडतात. हा आकडा गिळणं मलाही जड जातं. पण ‘त्याऐवजी लोकल’ म्हणणं सोपं आहे. गाड्या विकत घेता येतात, रूळ घालायला जागा विकत मिळत नाही. कुर्ला ते सीएसएमटी पाचवी-सहावी मार्गिका २००८ मध्ये मंजूर झाली, अजून पुरी झालेली नाही. तिच्यासाठी सायनचा जुना पूल पाडायला घ्यावा लागला, तेव्हा सायन-धारावीच्या लोकांचे काय हाल झाले ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. जमिनीवर जागा नाही म्हणून जमिनीखाली गेलो, इतकं साधं ते आहे. सिग्नल यंत्रणा सुधारून लोकलच्या फेऱ्या वाढवता येतील आणि त्या वाढवायलाच हव्यात. त्यात तुमच्या-माझ्यात भांडण नाही.

मेट्रोच्या कारशेडसाठी तोडलेल्या आरेच्या झाडांचा टोमणाही तुम्ही मारला आहे. ऑक्टोबर २०१९ मधल्या त्या रात्रीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. मेट्रोतून फिरते म्हणून ते बदलायला हवं असं मला वाटत नाही.

आता ‘किरकोळ बाबी’.

वसुबारसेच्या संध्याकाळी बीकेसीतून निघाले. नेहमी कुर्ल्यासाठी शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहते, त्या दिवशी रांग वळसा घालून मागे गेली होती. म्हटलं, नवी मेट्रो आहे, दादरला जाऊन तिथून स्लो पकडू. बीकेसी, धारावी, शीतलादेवी, दादर. मिठी नदी डोक्यावरून गेली ते कळलंही नाही. बसायला जागा, गार हवा, दहा मिनिटांच्या आत दादर. गाडीतून पाय बाहेर टाकला तेव्हा सहा बेचाळीस झाले होते.

मग वर यायचं. सरकता जिना, गेट, पुन्हा जिना, आणि सेनाभवनाच्या बाजूला एकदम उघड्यावर. तिथून लोकलचं स्टेशन कुठल्या दिशेला हे मला माहीत होतं कारण मी मुंबईची आहे. माझ्या पुढे एक गृहस्थ चाकांची बॅग घेऊन उभे होते, बहुधा विमानतळावरून आलेले. त्यांनी मला विचारलं, मी म्हटलं माझ्या मागून या. रानडे रोडला दिवाळी ऐन भरात. कंदिलांचे ढीग, रांगोळीचे रंग, पणत्यांच्या टोपल्या, आणि त्यातून माणसाच्या खांद्याइतकी वाट. फेरीवाल्यांना दोष देत नाही, त्यांचे वर्षाचे चार दिवस असतात ते. मी स्वतः तिथेच दोन डझन पणत्या घेते. गृहस्थांनी पाच मिनिटांत चाकांचा नाद सोडला आणि बॅग डोक्यावर घेतली. मग स्टेशनचा पूल, त्यावरची रोजची गर्दी, मध्य रेल्वेच्या बाजूला खाली उतरून आठ नंबर. घड्याळात सात वाजून एक मिनिट.

गाडीत दहा मिनिटं नाहीत, गाडीबाहेर एकोणीस. आणि हे दादर आहे, जिथे शहरातल्या दोन मोठ्या लोकल मार्गांची गाठ आधीपासून बसलेली आहे. मार्गिका बांधणाऱ्यांनी जमिनीखाली साडेतेहेतीस किलोमीटर जाऊन दाखवलं. त्यांना हे काहीशे मीटर जमले नसते असं मला पटत नाही. ते कोणाच्या कामात धरलेच नव्हते, एवढंच.

आठ नंबरवरून आठवलं. मी अजून जुन्या सवयीने त्याला ‘एक नंबर’च म्हणते. डिसेंबर २०२३ पर्यंत दादरला दोन एक नंबर होते, एक पश्चिमचा आणि एक मध्यचा, आणि रोज कोणीतरी चुकीच्या एक नंबरवर उभं राहून गाडी चुकवायचं. मग मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून चौदापर्यंत नंबर दिले. खर्च काय, तर पाट्या आणि रंग. माझ्या मते गेल्या काही वर्षांत दादरला झालेली ही सगळ्यात शहाणी सुधारणा, आणि तिचं उद्घाटन करायला कोणी मोठं माणूस आलं नाही.

‘किरकोळ’ शब्द मला आणखी एका कारणाने टोचला. २९ सप्टेंबर २०१७. एल्फिन्स्टन रोड आणि परळला जोडणाऱ्या पुलाचा जिना. सकाळची वेळ, अचानक पाऊस, पुलावर आडोशाला थांबलेली माणसं आणि मागून गाड्यांतून उतरणाऱ्यांची गर्दी. २३ माणसं गेली. त्या सकाळी दोन्ही रेल्वे व्यवस्थित धावत होत्या, रुळांवर काहीच बिघाड नव्हता. गिरण्या जाऊन ऑफिसं आली, माणसं कितीतरी पटींनी वाढली आणि जिना होता तेवढाच राहिला. मग लष्कराला बोलावून काही महिन्यांत नवा पूल उभा केला. म्हणजे ठरवलं तर जमतं.

म्हणून मेट्रो ११ बद्दल मी जे लिहिलं ते तुमची मार्गिका अडवण्यासाठी नव्हतं. साडेसतरा किलोमीटर, जवळजवळ सगळी भुयारी, २३ हजार कोटींच्या वर खर्च. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये तिला मंजुरी दिली. ती व्हावी. पण भुयारी स्थानक कसं बांधतात ते बघा. दोन स्थानकांमधलं भुयार यंत्र खालच्या खाली खोदत जातं, स्थानकासाठी मात्र बहुतेक ठिकाणी रस्ता उघडावा लागतो. आधी पाण्याच्या वाहिन्या, गटारं, विजेच्या केबली बाजूला सरकवायच्या, मग काँक्रीटच्या भिंती, मग खोल खड्डा. वर्षानुवर्षं रस्ता पत्र्यांच्या आड. उद्या भायखळ्याच्या लोकल स्टेशनपर्यंत जोडमार्ग काढायचा असेल तर त्या भिंतीत कुठे भोक पाडायचं ते आत्ताच ठरवून तेवढा भाग तसा ठेवता येतो. एकदा पत्रे काढले, डांबर घातलं, वाहतूक सुरू झाली, की त्याच वाहिन्या पुन्हा सरकवा, तोच रस्ता पुन्हा खणा. तेव्हा खर्च आठवतो आणि फाइल कपाटात जाते. भायखळा आणि सीएसएमटी, निदान या दोन ठिकाणी लोकलच्या फलाटापर्यंतचा छपराखालचा रस्ता त्याच निविदेत असला पाहिजे. वेगळी एजन्सी, वेगळं बजेट, ‘दुसऱ्या टप्प्यात बघू’ हे नको. माझी मागणी एवढीच होती, पण त्या हार्बरच्या वाक्याने मीच तिच्यावर पाणी ओतलं.

तिकिटाकडे येते. ‘मुंबई वन’चा उल्लेख लेखात नव्हता, ही त्रुटी खरी. लोकल, सगळ्या मेट्रो, बेस्ट, ठाणे-नवी मुंबईच्या बसगाड्या, अकरा सेवा एका ॲपवर आल्या आणि ते चांगलंच झालं. पण ॲप एक झालं म्हणून भाडं एक होत नाही. खिशात चार पाकिटं होती, ती एका पिशवीत घातली. लोकलचे किमान पाच रुपये, बेस्टचे मे २०२५ पासून किमान दहा, मेट्रोचे किमान दहा. गाडी बदलली की मीटर पुन्हा पहिल्यापासून. मरोळ नाक्याला मेट्रो १ मधून मेट्रो ३ मध्ये जाताना तर एका मेट्रोतून बाहेर पडायचं, पुन्हा बॅग तपासायची आणि पुन्हा तिकीट दाखवायचं. आरे ते कफ परेड ७० रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस जाऊन-येऊन धरले तर साडेतीन हजार, आणि घरापासून आरेपर्यंतचा खर्च त्यात नाही. हे भाडं परवडत नाही असं तुम्ही लिहिलंय. मी तरी वेगळं काय म्हणत होते?

‘दिल्ली-लंडनची उदाहरणं आम्हाला देऊ नका’ असंही तुम्ही बजावलंय. नाही देत. अंधेरीहून ठाण्याचं लोकलचं तिकीट काढा. अंधेरीला पश्चिम रेल्वेत चढता, दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वेत बसता. दोन वेगळ्या रेल्वे, दोन वेगळे महाव्यवस्थापक, दोघांचे हिशेब वेगळे. तिकीट मात्र एक, पास एक आणि भाडं सगळं अंतर मिळून. पैसे आपसात कसे वाटायचे ते ते बघतात; तुम्ही-आम्ही त्याचा कधी विचारही केला नाही. वडापाव खात पूल ओलांडला आणि ठाणा स्लो पकडली. मुंबईला जे कागदी पुठ्ठ्याच्या तिकिटावर जमत होतं ते क्यूआर कोडवर जमू नये?

गिरगावबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के मान्य. मेट्रोचं कौतुक करताना काळबादेवी-गिरगावात ज्यांची घरं पाडली त्यांच्यासाठी मी एक ओळही लिहिली नाही. ज्या रस्त्याखालून ती जाते तो जगन्नाथ शंकरशेठ रस्ता, ज्यांनी या शहरात आगगाडी यावी म्हणून खटपट केली त्या नानांच्या नावाचा. माझी मावशी त्याच भागातल्या चाळीत राहते. कामाच्या वर्षांत तिच्या मांडणीवरची भांडी रात्री हलायची. आता ती दर मंगळवारी काळबादेवीहून थेट सिद्धिविनायकला जाते. जाताना मेट्रो, येताना बस. का, विचारलं तर म्हणाली, “जाताना देवाचं नाव घेत उतरते खाली. येताना एवढं चढवत नाही गं, आणि ती लिफ्ट रस्त्याच्या पलीकडे.” गिरगावच्या लोकांवर वेगळा लेख लिहिते आहे, त्यात मावशीच बोलेल.

मूळ लेखातलं हार्बरवालं वाक्य खोडून खाली तुमच्या नावाने दुरुस्ती टाकली आहे. आणि सध्या एक नकाशा करते आहे. त्यात मार्गिका नाहीत, गाडी बदलताना किती मिनिटं चालावं लागतं तेवढंच आहे. दादर, मरोळ नाका आणि घाटकोपर माझं मोजून झालं. कुर्ल्याला हार्बरच्या फलाटावरून मेनच्या फलाटावर आणि चेंबूर लोकलपासून मोनोच्या दारापर्यंत, ही दोन अंतरं तुम्ही घड्याळ लावून चालून मला कळवाल का? सकाळी साडेआठला चाला, रविवारी नको.