कंपायलरचे किती मनावर घ्यावे?

लाखो ओळींचा आणि अनेक हातांखालून गेलेला सी भाषेतला प्रोग्रॅम ज्याच्या पदरी पडतो, त्याला लवकरच एका प्रश्नाला तोंड द्यावे लागते: कंपायलरला, म्हणजे प्रोग्रॅम यंत्रभाषेत उतरवून देणाऱ्या साधनाला, कोणकोणत्या गोष्टींबद्दल कुरकुर करू द्यायची? उत्तर मेकफाइलमधल्या, म्हणजे प्रोग्रॅम कसा तयार करायचा याच्या सूचनांच्या फाइलमधल्या, एकाच ओळीत लिहायचे असते, पण त्या ओळीपायी जितकी डोकेफोड होते तितकी तिच्या जोरावर कंपाइल होणारा निम्मा प्रोग्रॅम लिहिताना झाली नसावी, असे तो प्रोग्रॅम वाचल्यावर वाटते.

माझ्याकडे आलेल्या मेकफाइलमध्ये हा प्रश्न आधीच निकालात काढलेला होता. रोमन लिपीत डब्ल्यू दोन आहेत, एक थोरला आणि एक धाकटा. जीसीसी या कंपायलरला थोरल्या डब्ल्यूपुढे एखादे नाव जोडून दिले की त्या नावाची वॉर्निंग, म्हणजे कोड कंपाइल होत असला तरी शंकास्पद असल्याची कुरकुर, सुरू होते, आणि नुसता धाकटा डब्ल्यू दिला की सगळ्या वॉर्निंग्ज एकजात बंद होतात. आमच्याकडे धाकट्याचे राज्य होते. त्यामुळे बिल्ड, म्हणजे सगळा प्रोग्रॅम कंपाइल करून तयार करण्याचे काम, निःशब्द पार पडत असे, आणि त्या शांततेचा सर्वांना अभिमान होता. "आपल्या कोडमध्ये एकही वॉर्निंग येत नाही बरं का," असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला रुजू होतानाच सांगितले, आणि ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता.

मी धाकट्याला पायउतार करून त्याच्या जागी डब्ल्यू-ऑल लिहिले. त्यानंतर पडद्यावरून जे वाहू लागले ते वाचणे माणसाच्या आवाक्यातले नव्हते. मेकफाइल वाचून कामाला लागणारा मेक हा प्रोग्रॅम एकाच वेळी अनेक फायली कंपाइल करत असल्यामुळे एका फाइलची तक्रार अर्ध्यावर असतानाच दुसरीची तक्रार मध्ये घुसत होती, आणि एखाद्या हेडरमध्ये एकच खोट असली तरी तो हेडर ज्या ज्या फाइलमध्ये घेतला होता त्या प्रत्येक फाइलच्या नावाने तिचा पुन्हा गजर होत होता. ज्येष्ठ सहकारी मागे येऊन उभे राहिले, काही क्षण पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, "अहो, काय केलंत तुम्ही हे? कालपर्यंत चांगला चालत होता प्रोग्रॅम."

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण सी भाषेचा स्वभावच मुळात भिडस्त आहे. प्रोग्रॅमरवर विश्वास ठेवावा, हे तिच्या प्रमाणीकरणाच्या वेळी लेखी स्वरूपात मांडलेले तत्त्व आहे. सुरुवातीच्या काळात कंपायलरने कोड घ्यावा, मुकाट्याने यंत्रभाषेत उतरवून द्यावा आणि चुका काढण्याचे काम लिंट नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅमने करावे, अशी वाटणी होती. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकात तो लिंट लिहिला. वेगळ्या प्रोग्रॅममध्ये एक मोठी सोय असते, ती म्हणजे तो चालवायला विसरता येते. पुढे ही कुरकुर कंपायलरच्याच अंगात आली आणि ही सोय संपली.

डब्ल्यू-ऑलचे नाव ऐकून जे निर्धास्त होतात त्यांनी जीसीसीची पुस्तिका अवश्य वाचावी. ज्या रचना काही वापरकर्त्यांना शंकास्पद वाटतात आणि ज्या सहज टाळता येतात, अशांबद्दलच्या वॉर्निंग्ज हा फ्लॅग, म्हणजे कंपायलरला द्यायची ही सूचना, सुरू करतो, असा तिथला आशय आहे. हे 'काही वापरकर्ते' कोण, याचा खुलासा नाही. मात्र त्यांच्या शंका बऱ्याच मर्यादित असाव्यात, कारण उरलेल्या शंकांसाठी डब्ल्यू-एक्स्ट्रा हा आणखी एक फ्लॅग आहे, आणि त्यातही न मावलेल्या शंका नावानिशी एकेक करून मागाव्या लागतात. या व्यवस्थेमागचे कारण अगदी व्यवहारी आहे. डब्ल्यू-ऑल वापरणारे जगभर इतके आहेत की त्यात एक नवी वॉर्निंग घातली तरी कुणाचे तरी बिल्ड आडवे होते. म्हणून तिथे नव्या वॉर्निंगला सहजासहजी प्रवेश मिळत नाही.

एक्स्ट्रामध्ये खरे रत्न आहे ते चिन्हांच्या तुलनेचे. सी भाषेत वजा एक हा साधा इंट, म्हणजे पूर्णांक, आणि एक हा चिन्हविरहित, म्हणजे ऋण होऊच न शकणारा, इंट यांची तुलना केली, तर आधी वजा एकाचे रूपांतर चिन्हविरहित प्रकारात होते आणि तो या दोघांत मोठा ठरतो. हे वाचून ज्याला धक्का बसत नाही त्याने सी भाषेत बरीच वर्षे काढलेली असतात. ही वॉर्निंग सी प्लस प्लसमध्ये डब्ल्यू-ऑलबरोबरच मिळते, सीमध्ये मात्र एक्स्ट्राची वाट पाहावी लागते. आमच्या प्रोग्रॅममध्ये तिने जी ठिकाणे दाखवली त्यांतली बहुतेक निरुपद्रवी लूप होती आणि काही मोजकी ठिकाणे अशी होती की ती पाहून ज्येष्ठ सहकारी प्रथमच गप्प झाले.

याच एक्स्ट्राबरोबर न वापरलेल्या पॅरामीटरची वॉर्निंगही येते, आणि तिच्याइतकी निरर्थक कटकट मी दुसरी पाहिलेली नाही. कॉलबॅक म्हणून, म्हणजे दुसऱ्या कोडने वेळ आली की बोलवावे म्हणून, दिलेल्या फंक्शनची ठेवण दुसऱ्या कुणीतरी ठरवलेली असते. त्याला चार पॅरामीटर मिळतात आणि कामाचा एकच असतो, म्हणून उरलेल्या तिघांना व्हॉइड असा कास्ट करून, म्हणजे सक्तीने प्रकार बदलून, वापरल्यासारखे दाखवावे लागते. ती मी बंद केली आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही.

स्विच म्हणजे एका मूल्याच्या निरनिराळ्या शक्यतांसाठी केस नावाच्या वेगवेगळ्या वाटा असलेली रचना. तिच्यातल्या एका केसमधून खालच्या केसमध्ये घसरणाऱ्या कोडची वॉर्निंग त्याहून मजेदार आहे. ती जीसीसी ७ मध्ये २०१७ साली आली. घसरणे मुद्दाम केलेले आहे हे कंपायलरला पटवायचे असेल, तर तिथे तशी कॉमेंट, म्हणजे कोड वाचणाऱ्या माणसांसाठीची टीप, लिहिण्याची मुभा आहे. म्हणजे ज्या कॉमेंट कंपायलर वाचत नाही असे आपण नवशिक्यांना पहिल्याच दिवशी शिकवतो, त्या तो इथे चवीने वाचतो. या वाचनाच्या पायऱ्याही आहेत. पहिल्या पायरीवर कोणतीही कॉमेंट चालते, अगदी तिथे कुणी आदल्या प्रोग्रॅमरचा उद्धार केलेला असला तरी. एक्स्ट्राबरोबर मिळणाऱ्या तिसऱ्या पायरीवर मात्र ठराविक इंग्रजी शब्द ठराविक धाटणीत असावे लागतात. आणि पाचव्या पायरीवर कॉमेंट अजिबात खपत नाही, ॲट्रिब्यूट नावाची रीतसर खूणच लिहावी लागते. सी कोडमधली ही कॉमेंट क्लँग हा दुसरा कंपायलर मुळीच मानत नाही, त्यामुळे दोन्ही कंपायलर वापरणाऱ्यांनी कॉमेंटच्या भानगडीत न पडलेले बरे.

क्लँगचा विषय निघालाच आहे तर सांगतो, त्याच्याकडे डब्ल्यू-एव्हरीथिंग नावाचा फ्लॅग आहे आणि तो मात्र नावाला जागतो. स्ट्रक्चरमध्ये दोन सदस्यांच्या मध्ये कंपायलरने स्वतःच सोडलेल्या रिकाम्या बाइट्सबद्दलही तो आपल्याकडेच तक्रार करतो. एका तरुण सहकाऱ्याने उत्साहाच्या भरात हा फ्लॅग लावला. नंतर असे लक्षात आले की एनमच्या, म्हणजे ठरावीक नावांच्या यादीच्या, सगळ्या किमती स्विचमध्ये घेऊन वर डिफॉल्ट, म्हणजे उरलेल्यांसाठीची वाट, लिहिला तर क्लँग म्हणतो की हा कशाला, आणि तो काढला तर जीसीसीचा एक फ्लॅग विचारतो की डिफॉल्ट कुठे आहे. दोघांचेही समाधान करणारा स्विच लिहिता येत नाही. तरुण सहकाऱ्याने स्विचच्या जागी इफ-एल्सची रांग लावून पाहिली आणि मग तो फ्लॅग न बोलता काढून टाकला. प्रमाणावर बोट ठेवणाऱ्या पेडँटिक नावाच्या फ्लॅगचीही अशीच गत झाली: लायब्ररीतल्या फंक्शनचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएलसिमकडून मिळालेला व्हॉइड पॉइंटर फंक्शन पॉइंटरमध्ये बदलणे आयएसओ सी या भाषेच्या प्रमाणाला मान्य नाही आणि पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या प्रमाणाला ते आवश्यक आहे, तेव्हा दोन प्रमाणांच्या भांडणात आम्ही पडलो नाही.

शॅडोबद्दल मात्र माझे मत अनुकूल आहे. आतल्या ब्लॉकमधल्या व्हेरिएबलने बाहेरच्या त्याच नावाच्या व्हेरिएबलला झाकले की तो फ्लॅग ओरडतो, आणि जुन्या लांबलचक फंक्शनांमध्ये हे ओरडणे फार मोलाचे असते. त्याचे नाव बद्दू झाले ते जुन्या वागण्यामुळे. जीसीसी ४.८ च्या आधी एखाद्या साध्या पूर्णांकाचे नाव इंडेक्स ठेवले, तरी तुम्ही लायब्ररीतले इंडेक्स हे फंक्शन झाकले अशी तक्रार तो करत असे, आणि इंडेक्स नावाचे व्हेरिएबल नसलेला प्रोग्रॅम शोधून सापडणार नाही. ज्येष्ठ सहकाऱ्यांचा शॅडोवरचा राग त्या काळातला होता. आता सुधारणा झाली आहे, हे मी त्यांना सांगून पाहिले, पण काही राग कंपायलरच्या आवृत्तीबरोबर अद्ययावत होत नाहीत.

प्रकार बदलताना मूल्य बदलण्याची शक्यता दिसली की ओरडणाऱ्या कन्व्हर्जन या फ्लॅगपुढे मी हात टेकले. मजकुराची लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेनचे उत्तर इंटमध्ये ठेवले की वॉर्निंग, आणि आमच्याकडे ते उत्तर दुसऱ्या कशात ठेवल्याचे उदाहरणच नव्हते. तत्त्व म्हणून ती तक्रार रास्त आहे, ६४ बिटांचे मूल्य ३२ बिटांत कोंबले जाते हे खरेच आहे. पण अशा हजारो तक्रारी समोर आल्या की माणूस विचार करत नाही, कास्ट करतो. आणि कास्ट केला की कंपायलर कायमचा गप्प होतो, मग तिथे साधा लूप असो की खरोखरच फुटू शकणारा बफर. वॉर्निंग होती तेव्हा निदान दोष कुठे असू शकेल याची खूण होती. म्हणून जुन्या फायलींना आम्ही हा फ्लॅग लावला नाही आणि नव्या लिहिल्या जाणाऱ्या फायलींना सक्तीने लावला. परिणामी कुणी नवी फाइल लिहीनासे झाले आहे, प्रत्येक नवे फंक्शन एखाद्या जुन्या फाइलच्या शेवटी चिकटवले जाते, तो भाग वेगळा.

तक्रार मिटवणे आणि दोष मिटवणे यांत फरक आहे, याचा मोठा दाखला २००८ साली उघडकीला आला. व्हॅलग्राइंड नावाच्या तपासणी साधनाने न भरलेल्या मेमरीबद्दल केलेली तक्रार शमवण्यासाठी डेबियन या लिनक्स वितरणातल्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या काही ओळी २००६ साली काढल्या गेल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर यादृच्छिकतेचा जवळजवळ सगळा साठाच गेला. उरला तो प्रोसेसचा क्रमांक; त्यामुळे एका प्रकारच्या आणि आकाराच्या गुप्त किल्ल्या सुमारे ३२ हजारांच्या आत मोजता येऊ लागल्या. तपासणी साधन मात्र त्यानंतर शांत होते.

उलट, खरा घात करायला निघालेला माणूस वॉर्निंगला वाट देतच नाही. २००३ साली लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, एका प्रतीत कुणीतरी दोन ओळी घुसडल्या. वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का, असे विचारल्यासारखे दाखवून प्रत्यक्षात तो क्रमांक शून्य करणाऱ्या, म्हणजे त्याला रूटचे, सर्वोच्च अधिकार देणाऱ्या त्या ओळी होत्या. तुलनेच्या दोन बरोबर चिन्हांच्या जागी मूल्य देणारे एक, एवढीच ती करामत. अशा ठिकाणी डब्ल्यू-ऑल एरवी ओरडतो, पण त्या भागाभोवती कंस घातलेले होते, आणि कंस घातले की हे मुद्दाम केले आहे असे कंपायलर समजतो. त्याचे समजणे अगदी बरोबर होते. हा प्रकार पकडला गेला तो ती प्रत मूळ प्रतीशी जुळेना म्हणून.

एवढे झाल्यावर डब्ल्यू-एररचा प्रश्न उरतो. प्रत्येक वॉर्निंगला एरर मानून बिल्डच थांबवणारा हा फ्लॅग बैठकीत नेहमी एकमताने मंजूर होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याविरुद्ध सह्या गोळा होऊ लागतात. आमचीच तेवढी अशी अवस्था नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तो कर्नलच्या सगळ्या बिल्डसाठी चालू केला, आणि काही दिवसांतच तो मुख्यतः चाचणीच्या बिल्डपुरता आवरता घ्यावा लागला. कारण उघड आहे. कोडचे एक अक्षर न बदलता नुसता कंपायलर बदलला तरी वॉर्निंग्ज बदलतात. न भरलेल्या व्हेरिएबलबद्दलची 'कदाचित' अशी वॉर्निंग तर ऑप्टिमायझेशनच्या पातळीप्रमाणे येते नि जाते. कर्नलवाल्यांनी ती २०२० साली वैतागून नेहमीच्या बिल्डमधून काढूनच टाकली. आम्ही डब्ल्यू-एरर फक्त तपासणीच्या सर्व्हरवर ठेवला आहे, जिथे कंपायलरची आवृत्ती आमच्या मुठीत असते. बाहेर वाटायच्या सोर्समध्ये तो ठेवणे म्हणजे पुढच्या वर्षी येणाऱ्या कंपायलरशी आजच भांडण विकत घेणे आहे. तसेही, २०२४ साली आलेल्या जीसीसी १४ ने घोषित न केलेल्या फंक्शनसारख्या जुन्या सवयी आपणहून एररमध्ये ढकलल्या, तेव्हा अशा सवयी असलेल्यांना डब्ल्यू-एररची गरजच राहिलेली नाही.

अखेरीस आमची ओळ ठरली: ऑल, एक्स्ट्रा, शॅडो, प्रोटोटाइप म्हणजे फंक्शनच्या घोषणा यांविषयीचे दोन फ्लॅग, आणि नंतर नकारांची रांग. नावाआधी 'नो' लावले की ती वॉर्निंग बंद होते, आणि प्रत्येक 'नो'शेजारी कारण लिहायचे असा नियम मी केला. कारणे शोधता शोधता असा एक 'नो' सापडला की ज्या वॉर्निंगला तो बंद करत होता ती कोणत्याच कंपायलरमध्ये नव्हती. नावात स्पेलिंगची चूक होती. जीसीसीला अनोळखी वॉर्निंग चालू करायला सांगितली तर तो लगेच हरकत घेतो, पण अनोळखी वॉर्निंग बंद करायला सांगितली तर तो ऐकून घेतो आणि दुसरी काही तक्रार निघेपर्यंत त्याचा उल्लेखही करत नाही. धाकट्या डब्ल्यूच्या काळात दुसरी तक्रार निघण्याचा प्रश्नच नव्हता. तो फ्लॅग काढावा असा प्रस्ताव मी बैठकीत मांडला. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "इतकी वर्षं तो आहे आणि त्याच्यामुळे आजवर काही बिघडलेलं नाही. असं आपल्या किती फ्लॅगांबद्दल सांगता येईल? राहू द्या त्याला." तो ठेवला आहे. शेजारी कारण काय लिहायचे यावर चर्चा चालू आहे.